युद्धात बुडालेल्या जहाजांवर डाइव्हिंग: पुण्यातून निघण्यापूर्वीची तयारी

स्कूबा शिकलेल्या पुण्यातल्या मित्रमंडळींकडून मला वर्षातून दोन-तीन वेळा तरी एकच प्रश्न येतो: "हर्मीस तर श्रीलंकेलाच आहे, मग कधी जायचं?" एचएमएस हर्मीस ही ब्रिटिश विमानवाहू युद्धनौका ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बट्टिकलोआजवळ बुडवली. तिच्यावरची ३०७ माणसे मेली आणि आज ती ५० मीटरहून अधिक खोल पाण्यात पडून आहे. मुंबईहून कोलंबो विमानाने काही तासांवर आहे, पण त्या खोलीवर जाऊन सुखरूप परत येण्यासाठी लागणारे प्रशिक्षण काही वर्षांचे असते. जहाज आधी ठरवायचे आणि स्वतःची तयारी नंतर पाहायची हा क्रम उलटा आहे, आणि अशा सहलींतले बहुतेक घोटाळे त्या उलट्या क्रमातूनच सुरू होतात, असे माझे मत झाले आहे. मी बाली, फिलिपिन्स आणि तांबडा समुद्र या तीन ठिकाणी युद्धकालीन जहाजांवर बुड्या मारल्या आहेत. पहिल्या दोन फेऱ्यांत ज्या चुका केल्या, त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून सगळा क्रम येथे लिहून काढत आहे.

१. आधी स्वतःची खोली ठरवा

ओपन वॉटर प्रमाणपत्र तुम्हाला १८ मीटरपर्यंत नेते, अॅडव्हान्स्ड ३० मीटरपर्यंत, आणि डीप डायव्हरचा स्वतंत्र अभ्यासक्रम केल्यावर ४० मीटर ही हौशी डाइव्हिंगची शेवटची मर्यादा येते. त्यापलीकडे डीकम्प्रेशनचे थांबे (अंगात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे), हेलियम मिसळलेला वायू आणि दुहेरी सिलिंडर यांचे वेगळे शास्त्र सुरू होते.

पुण्यात राहून यातले बरेचसे जमते. तलावातले धडे शहरात होतात आणि समुद्रातल्या बुड्यांसाठी तारकर्लीची एमटीडीसीची संस्था, गोवा, मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी किंवा अंदमान असे पर्याय आहेत. कोकणच्या पाण्यात पुष्कळदा चार-पाच हातांपलीकडचे दिसत नाही म्हणून लोक नाक मुरडतात. मला मात्र वाटते की जहाजांवर जाऊ इच्छिणाऱ्याने सरावासाठी असेच पाणी निवडावे, कारण जहाजाच्या आत गाळ उठला की याहून कमी दिसते.

प्रमाणपत्रापेक्षा लॉगबुक (प्रत्येक बुडीची नोंदवही) महत्त्वाचे. किमान २५-३० बुड्या झाल्याशिवाय कोणत्याही जहाजाच्या आत शिरू नये, असा माझा आग्रह आहे. एक साधी कसोटी सांगतो: वाळूपासून हातभर वर, हात छातीशी बांधून, तीन मिनिटे एका जागी तरंगत राहता येते का ते पाहा. खालीवर होत असाल तर अजून वेळ आहे. पायांची हालचाल वर-खाली करण्याऐवजी बेडकासारखी बाजूंना करायला शिका, म्हणजे फिनच्या (पायांत घालायच्या पंखांच्या) फटक्याने तळाचा गाळ उठत नाही. त्याच सुमारास नायट्रॉक्सचा (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा) अभ्यासक्रम करून घ्या. डाइव्हिंगच्या कोष्टकांनुसार ३० मीटरवर साध्या हवेने, डीकम्प्रेशनचा थांबा न लागता, सुमारे २० मिनिटे मिळतात, तर ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सने अर्ध्या तासाच्या आसपास. मात्र हेच मिश्रण सुमारे ३३ मीटरच्या खाली नेले की ऑक्सिजनच विषारी ठरू लागतो, ही मर्यादा सिलिंडरवर लिहिलेली असली पाहिजे.

वैद्यकीय प्रश्नावली पुण्यातच भरून पाहा. लहानपणीचा दमा, कानाची शस्त्रक्रिया, रक्तदाबाची गोळी, यांपैकी एका प्रश्नालाही "हो" असे उत्तर असेल तर डॉक्टरांच्या सहीचा दाखला लागतो. तो येथून न नेल्यास परक्या गावात दवाखाना शोधण्यात एक अख्खा दिवस जातो. "नाही" असे खोटे लिहून सुटका होते खरी, पण विम्याचा दावा त्याच कागदावर अडतो.

२. मग जहाज निवडा

पहिल्या परदेशी बुडीसाठी मी बालीतल्या तुलांबेनचे नाव घेतो. यूएसएटी लिबर्टी या अमेरिकी मालवाहू जहाजाला ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ओढून नेताना ते वाचणार नाही असे दिसल्यावर त्याला तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवले गेले, आणि १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने त्याला पुन्हा पाण्यात ढकलले. आता ते किनाऱ्यापासून पोहत जाण्याच्या अंतरावर, सुमारे ५ ते ३० मीटरच्या उतारावर आडवे पडले आहे. बोट लागत नाही. गावातल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून तीवर सिलिंडर आडवा घेतात आणि काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून झपझप चालत जातात. आपण मात्र त्याच गोट्यांवरून लाटेत पाय टाकताना दोनदा घसरतो. म्हणून जाड तळव्याचे बूट न्या आणि फिन कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावरच चढवा.

दुसरी पायरी फिलिपिन्समधले कोरोन. २४ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी नौदलाच्या विमानांनी तेथे आसऱ्याला आलेली जपानी जहाजे बुडवली. येथे एकाच गावात राहून पायरीपायरीने खोल जाता येते. लुसोंगची छोटी गनबोट इतकी उथळ आहे की नुसत्या स्नॉर्केलनेही दिसते. ओकिकावा मारू हे तेलवाहू जहाज मधल्या खोलीवर आहे, कोग्यो मारू कुशीवर पडले असून त्याच्या पोटात सिमेंटची दगड झालेली पोती दिसतात, आणि इराको हे अन्नपुरवठ्याचे जहाज ४० मीटरच्या घरात जाते. त्यामुळे इराको शेवटच्या दिवसासाठी ठेवावे आणि त्या दिवशी अंग जड वाटले तर सरळ सोडून द्यावे.

तांबड्या समुद्रातले थिसलगॉर्म सर्वांना ठाऊक असते. सुएझकडे जाण्याची वाट पाहत शाब अलीजवळ नांगरलेले हे ब्रिटिश जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन बॉम्बर विमानांनी बुडवले आणि नऊ माणसे गेली. सुमारे ३० मीटरवर ते जवळपास सरळ उभे आहे. होल्डमध्ये (जहाजाच्या मालाच्या तळघरात) बेडफर्ड ट्रकच्या रांगा, त्यांवर चढवलेल्या मोटारसायकली आणि रबरी बुटांचे ढीग तसेच आहेत, आणि डेकवरचे रेल्वे इंजिन स्फोटाने उडून बाजूच्या वाळूत पडले आहे. येथे खोलीपेक्षा प्रवाहाचा त्रास जास्त होतो. उतरण्याचा दोर सोडला की क्षणात जहाज मागे पडते.

प्रशांत महासागरातल्या चूक (Chuuk) नावाच्या बेटांमधले सरोवर ही पुष्कळांची शेवटची इच्छा असते. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ च्या अमेरिकी हल्ल्यात तेथे जपानचा मोठा तांडा बुडाला. फुजिकावा मारूच्या होल्डमध्ये झीरो या जपानी लढाऊ विमानांचे सांगाडे आहेत आणि सॅन फ्रान्सिस्को मारूच्या डेकवरचे रणगाडे ५० मीटरच्या आसपास आहेत. पहिले हौशी डायव्हरच्या आवाक्यात येते, दुसरे येत नाही. मार्गदर्शक "फक्त दोन मिनिटं" म्हणाला तरी येत नाही.

स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये १९१९ साली जर्मनांनी स्वतःच बुडवलेल्या आरमाराची सात जहाजे आहेत, पण त्या थंड पाण्यासाठी ड्रायसूटचे (आत पाणी न शिरणाऱ्या सूटचे) प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते.

३. ऋतू पाहा

आपल्याकडे जून-जुलैत समुद्र बंद असतो तेव्हा श्रीलंकेचा पूर्व किनारा शांत असतो. बट्टिकलोआजवळच ब्रिटिश सार्जंट हे १९४२ मध्येच बुडालेले तेलवाहू जहाज साधारण २५ मीटरच्या आत आहे, आणि हर्मीसची आस असलेल्यांनी आधी तेथे जावे. कोरोनला डिसेंबर ते मे बरा, कारण त्याआधी चक्रीवादळांचा काळ असतो. तांबडा समुद्र वर्षभर चालतो, परंतु जानेवारी-फेब्रुवारीत पाणी २२ अंशांपर्यंत उतरते आणि वारा बोचतो. तीन मिलिमीटरच्या सूटवर निभावणार नाही.

४. कागदपत्रे

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. नसेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ विमानाच्या तिकिटाआधी घ्या. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, त्यामुळे ते त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा वाचावेत. मित्राने गेल्या वर्षी काय केले यावर विसंबू नये.

खरा सापळा मधल्या थांब्याचा आहे. चूकला जाणारा नेहमीचा मार्ग ग्वामवरून जातो आणि ग्वाम ही अमेरिकेची भूमी आहे. तेथे केवळ विमान बदलायचे असले तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो. आमच्या गटाची चूकची पहिली योजना येथेच कोसळली. ज्या एजंटाने तिकिटे काढली, त्याने मुक्कामाच्या देशाचा नियम पाहिला, वाटेतल्या थांब्याचा पाहिलाच नाही. निघायला पाच आठवडे उरले असताना ते कळले, आणि तेवढ्या अवधीत मुलाखतीची तारीख मिळणे अशक्य होते.

दुसरी अडचण खास आपली आहे. पासपोर्टवर आपले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिन्ही असते, आणि डाइव्हिंगच्या कार्डावर मात्र नुसते नाव-आडनाव. तिकीट, विमा आणि व्हिसा यांवर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. कार्डावरची जन्मतारीख बरोबर आहे ना, तेही तपासा.

सोबत ठेवायचे कागद असे, प्रत्येकाची छापील आणि फोनमधली अशा दोन प्रती:
- पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचे तिकीट
- डाइव्हिंगची सर्व प्रमाणपत्रे, नायट्रॉक्सच्या कार्डासह
- लॉगबुक, शेवटची बुडी कधी मारली हे दिसेल असे
- वैद्यकीय प्रश्नावली आणि दाखला
- विम्याची पूर्ण पॉलिसी, नुसते पहिले पान नव्हे
- जेथे लागतो तेथे स्थानिक परवाना (चूकमध्ये राज्याचा परवाना लागतो आणि तो बहुधा डाइव्ह केंद्रच काढून देते)

५. विमा

प्रवासविमा आणि डाइव्हिंगचा विमा या दोन गोष्टी आहेत. प्रवासविम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, आणि जेथे ते घेतलेले असतात तेथेही खोलीची मर्यादा बारीक अक्षरांत असते. तुम्ही ३८ मीटरवर असाल आणि पॉलिसी ३० मीटरपर्यंतच असेल तर ती नसल्यासारखीच. रीकम्प्रेशन चेंबरमधले (डीकम्प्रेशनच्या आजारावर इलाज करणाऱ्या दाबाच्या खोलीतले) उपचार आणि तेथपर्यंत नेण्याचा खर्च हे दोन्ही शब्द पॉलिसीत लिहिलेले आहेत का ते पाहा, आणि भारतात राहणाऱ्याला ती लागू होते का हे कंपनीकडून लेखी घ्या. सर्वात जवळचे चेंबर कोठे आहे आणि तेथवर पोहोचायला किती वेळ लागतो, हे डाइव्ह केंद्राला निघण्यापूर्वीच विचारा.

६. सामान

मास्क, डाइव्ह कम्प्युटर (खोली आणि वेळ नोंदवणारा) आणि शक्य तर रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारे उपकरण) स्वतःचा असावा. बाकीचे भाड्याने मिळते. रेग्युलेटरची सर्व्हिसिंग निघण्याच्या किमान एक महिना आधी करून, पुण्यातल्या तलावात एकदा वापरून मगच पॅक करा, कारण सर्व्हिसिंगमध्ये राहिलेली चूक तेथेच उघडी पडते. जहाजासाठी दोन टॉर्च लागतात, एक मुख्य आणि एक खिशातला राखीव. त्यांच्या लिथियम बॅटऱ्या टॉर्चमधून काढून, टोकांना चिकटपट्टी लावून, हातातल्या सामानात न्याव्या लागतात. चेक-इनमध्ये सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत. दोर कापायची सुरी मात्र चेक-इनमध्येच. याखेरीज दोराचे रीळ, पृष्ठभागावर सोडायचा निशाणीचा फुगा, जाड हातमोजे आणि पाटी घ्या. कोरोनला जाणाऱ्या छोट्या विमानांत सामानाची मर्यादा कमी असते, म्हणून तिकीट काढतानाच जादा वजन विकत घ्यावे.

७. बोट आणि मार्गदर्शक

केंद्र निवडताना भाव शेवटी विचारा. आधी हे विचारा: एका मार्गदर्शकामागे किती जण असतील, बोटीवर ऑक्सिजन आहे का, जहाजाच्या आत जाण्यासाठी कोणते प्रशिक्षण मागता, आणि आत जायचे नसल्यास माझ्यासोबत बाहेर कोण थांबेल? शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नाही तर ते केंद्र सोडा. राहण्याची सोय असलेल्या बोटीवर असाल, तर रात्री पहारा कोण देते आणि खोलीतून बाहेर पडायचा दुसरा मार्ग कोठे आहे, हे पहिल्या संध्याकाळी स्वतः चालून पाहा.

८. हवेचे गणित पुण्यातच मांडा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. कागद-पेन्सिल घ्या. समजा, पृष्ठभागावर तुम्हाला मिनिटाला २० लिटर हवा लागते. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला ८० लिटर. परदेशी केंद्रांत सहसा मिळणारा अॅल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा असतो, २०० बारला (बार हे दाबाचे एकक) त्यात २,२०० लिटर हवा.

आता सोबत्याची हवा संपली आणि दोघांना तुमच्या एका सिलिंडरवर वर यायचे आहे असे धरा. घाबरलेला माणूस जास्त श्वास घेतो, म्हणून प्रत्येकी ३० लिटर, दोघांचे ६०. तळाशी सावरायला एक मिनिट: २४० लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला साडेतीन मिनिटे, सरासरी दाब अडीच पट: ५२५ लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: २७० लिटर. बेरीज १,०३५ लिटर, म्हणजे सुमारे ९५ बार. "५० बार उरले की वर या" हा जो सरसकट नियम बोटीवर सांगितला जातो, तो ३० मीटरवरच्या जहाजाला पुरत नाही, हे या बेरजेवरून दिसते.

आत शिरायचे असेल तर तृतीयांशाचा नियम: एक भाग जायला, एक भाग यायला, एक भाग संकटासाठी. २,२०० चा तिसरा भाग ७३३ लिटर, म्हणजे ३० मीटरवर जेमतेम नऊ मिनिटे, आणि खाली उतरताना लागलेली हवाही त्यातूनच जाते. आत गेल्यावरही वरची ९५ बारची रेषा तशीच लागू राहते, दोन्हींपैकी जी आधी येईल तिला परत फिरायचे. स्वतःचे आकडे घालून हे गणित करा आणि परत फिरण्याचा बार पाटीवर लिहून मनगटाला बांधा.

मी हे गणित कोरोनच्या त्या दुपारनंतर शिकलो. मार्गदर्शक इंजिनरूमकडे बोट दाखवून आत शिरला आणि आम्ही तिघे त्याच्या मागे गेलो. दोर लावलेला नव्हता. माझ्या पुढच्याचा फिन छताला घासला, गंजाचे पापुद्रे सुटले आणि दोन श्वासांत टॉर्चसमोर फक्त तांबूस धुके उरले. मी डाव्या हाताने एक लोखंडी फासळी धरली आणि हललो नाही. किती वेळ गेला ते कम्प्युटरने नंतर सांगितले, चार मिनिटे. तेव्हा ते मोजता येत नव्हते. गाळ थोडा बसल्यावर डावीकडे हिरवट उजेडाचा एक चौकोन दिसला आणि त्यातून आम्ही बाहेर पडलो. माझ्याकडे ६० बार होते. त्या दिवसापासून बाहेरचा उजेड सतत दिसत राहील तेवढेच आत, आणि त्यापलीकडे रेक डायव्हिंगचे (बुडालेल्या जहाजांवरच्या बुड्यांचे) प्रशिक्षण व दोर असल्याशिवाय नाही, हा नियम मी पाळतो. आत कोठे छताला हवेचा कप्पा दिसला तरी रेग्युलेटर तोंडातून काढू नका. ती हवा श्वास घेण्यासारखी नसते.

९. कशालाही हात लावू नका

या जहाजांवर माणसे मेली आहेत आणि पुष्कळांचे अवशेष अजून तेथेच आहेत. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये आणि डेकवर त्या काळी हजारो भारतीय खलाशी होते, त्यांतले कित्येक रत्नागिरीकडच्या गावांतून मुंबई बंदरात भरती झालेले. परक्या समुद्रातले जहाज आपल्याला परके नसते, हे मी प्रत्येक बुडीआधी स्वतःला सांगतो.

कायदाही स्पष्ट आहे. युद्धनौका बुडाली तरी सहसा तिच्या देशाचीच मालमत्ता राहते. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी अवशेषांना संरक्षण आहे. स्कापा फ्लोमधल्या रॉयल ओक या ब्रिटिश युद्धनौकेवर हौशी डायव्हरला जाताच येत नाही. अमेरिकेने २००४ साली असाच कायदा केला. तरीही भंगारासाठी लूट चालते: १९४२ च्या जावा समुद्रातील लढाईत बुडालेल्या डच युद्धनौका २०१६ मध्ये पाहायला गेले तेव्हा तळावर त्यांचे जवळपास काहीच उरले नव्हते.

बाटली, बटण, कवडीएवढा तुकडाही आणू नका. आणि काडतूस तर नाहीच. ऐंशी वर्षांनंतरही दारूगोळा जिवंत असू शकतो, आणि विमानतळाच्या तपासणीत रिकामी पुंगळी सापडली तरी शस्त्र कायद्याखाली चौकशी होऊ शकते.

१०. परतीचा रस्ता

एकच बुडी मारली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस डाइव्हिंग केले असेल तर किमान १८ तास, आणि डीकम्प्रेशनचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त, असे सर्वमान्य मार्गदर्शन आहे. मी सरसकट २४ तास धरतो.

उंचीचा नियम मात्र विमानापुरताच आहे असे समजू नका. तुलांबेनहून उबुदकडे किंतामानीवरून जाणारा रस्ता सुमारे १,५०० मीटरपर्यंत चढतो. दुपारी बुडी आणि संध्याकाळी त्या रस्त्याने मोटार हे विमानात बसण्यासारखेच. ड्रायव्हरला किनाऱ्याच्या रस्त्याने न्यायला सांगा. तारकर्लीहून पुण्याला परतताना हेच आपल्याकडे घडते: आंबोलीचा घाट समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर नेतो आणि पुणे स्वतः ५६० मीटरवर आहे. रविवारी दुपारी दुसरी बुडी आटपून रात्रीतून घर गाठणारे अनेक जण मी पाहिले आहेत. शनिवारी बुड्या संपवा, रविवारची सकाळ मालवणात काढा आणि मग घाट चढा.

घरी पोहोचल्यावर दोन दिवसांपर्यंत सांधा दुखला, हातापायाला मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा कारण नसताना गळून गेल्यासारखे वाटले, तर ती डीकम्प्रेशनच्या आजाराची लक्षणे असू शकतात, प्रवासाचा शीण समजून झोपू नका. विम्याच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर फोन करा, रुग्णालयात ऑक्सिजन मागा आणि कम्प्युटर सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना तुमच्या शेवटच्या बुड्यांची खोली आणि वेळ त्यावरून वाचता येईल.